श्रेय यादीचे नव्हे

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने पाच ओळींच्या एका यादीच्या जोरावर अतिदक्षता विभागांतले रक्तसंसर्ग जवळजवळ शून्यावर आणले, ही गोष्ट वैद्यकीय परिषदांत आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत सारख्याच खात्रीने सांगितली जाते. गोष्ट सुटसुटीत आहे. डॉक्टर हुशार असले तरी विसरतात; वैमानिकांप्रमाणे त्यांच्याही हाती चेकलिस्ट दिली की विसरणे थांबते आणि रुग्ण वाचतात. खर्च काय, तर एक कागद. ही गोष्ट जगभर पोहोचवली ती शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी. त्यांच्या वडिलांचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले उटी, त्यामुळे मराठी वाचकाला ती थोडी घरचीच वाटते. त्यांचा लेख डिसेंबर २००७ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये आला, ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ हे पुस्तक २००९ मध्ये आले, आणि तेव्हापासून कुठलीही सुधारणा म्हटली की आधी यादी छापायची, असा प्रघात पडला.

माझे म्हणणे असे की मिशिगनचे यश खरे आहे, पण त्याचे श्रेय भलत्याच्या नावावर जमा झाले आहे. संसर्ग घटले ते आयसीयूमध्ये कोण कोणाला थांबवू शकतो, कोणते सामान हाताशी असते आणि आकडे कोणापुढे ठेवले जातात, हे बदलल्यामुळे. यादी हा त्या बदलाचा डोळ्यांना दिसणारा भाग होता, एवढेच. हा भेद पंडिती वादाचा नाही. श्रेय यादीला दिले की रुग्णालय यादी घेते आणि बाकीचे सोडून देते; आपल्याकडे नेमके तेच होते आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने मांडू. सेंट्रल लाइन म्हणजे गळ्यातल्या, गळपट्टीच्या हाडाखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेतून हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत सरकवलेली नळी. रक्तदाब टिकवणारी तीव्र औषधे हातावरच्या बारीक शिरेतून दीर्घकाळ देणे धोक्याचे असते. ती या नळीतून देता येतात. पण तीच नळी त्वचेचे कुंपण ओलांडून जंतूंनाही थेट रक्तात वाट करून देते. असे संसर्ग मोजण्याचे एकक म्हणजे दर १००० कॅथेटर-दिवस: दहा रुग्णांना दहा दिवस नळी असेल, तर ते १०० कॅथेटर-दिवस झाले.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या आयसीयूमधला हा दर १९९८ च्या पहिल्या तिमाहीतल्या ११.३ वरून २००२ च्या शेवटच्या तिमाहीत शून्यावर आणला. मग तोच प्रयोग मिशिगनमध्ये ‘कीस्टोन’ प्रकल्पाच्या नावाने राज्यभर झाला. डिसेंबर २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या निबंधात १०३ आयसीयूंचे आणि ३,७५,७५७ कॅथेटर-दिवसांचे आकडे आहेत. संसर्गाचा मध्यक दर २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्य झाला. सरासरी दर ७.७ होता, तो सोळा ते अठरा महिन्यांनी १.४ झाला. पुढच्या पाहणीत तो तसाच खाली राहिलेला दिसला. यादीतल्या पाच गोष्टी अशा: हात धुणे, लाइन टाकताना टोपी, मास्क, गाऊन, निर्जंतुक हातमोजे आणि रुग्णाचे अंग झाकणारी मोठी चादर वापरणे, त्वचा क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाने पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, आणि गरज संपताच नळी काढणे.

या पाचांपैकी बहुतेकांना स्वतंत्र पुरावा आहे, हेही मान्य करू. उदाहरणार्थ, फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्झिडीनने त्वचा पुसलेल्या रुग्णांत कॅथेटरमुळे होणारे संसर्ग दर हजारी ०.२८ होते, अल्कोहोलमिश्रित पोव्हिडोन-आयोडीनच्या गटात १.७७. म्हणजे यादीत काय लिहिले आहे, याबद्दल वाद नाही. यादी लिहिल्यामुळे ते घडले, या म्हणण्याबद्दल आहे.

पहिला आक्षेप हॉपकिन्सच्या मूळ निबंधातूनच निघतो. तिथे केलेले उपाय पाच होते आणि चेकलिस्ट त्यांतला फक्त एक. बाकीचे चार असे: कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, सगळे सामान एकत्र ठेवलेली ट्रॉली, ‘ही नळी आज काढता येईल का’ हा रोजच्या फेरीतला प्रश्न, आणि नियम मोडला तर डॉक्टरला थांबवण्याचा सिस्टरला दिलेला अधिकार. सुरुवातीला सिस्टरनी निरीक्षण केले तेव्हा डॉक्टरांनी सगळे नियम पाळले असे फक्त ६२ टक्के वेळा दिसले. आता ही उरलेली ३८ टक्क्यांची चूक विस्मरणाची होती का? हात धुवायचे असतात, हे कोणता डॉक्टर विसरतो? गाऊन एका कपाटात, मोठी चादर दुसऱ्या खोलीत, क्लोरहेक्झिडीन तिसरीकडे आणि रुग्णाचा रक्तदाब घसरतो आहे, अशा वेळी नियमाला बगल दिली जाते ती माहिती असूनच. म्हणून ट्रॉली आली. ट्रॉलीने आठवण करून दिली नाही; तिने आडवाटेची गरजच काढून टाकली.

आणि यादी हातात कोणाच्या होती? डॉक्टरच्या नव्हे, सिस्टरच्या. गोष्ट सांगताना हा तपशील बहुधा गळतो, आणि सगळा अर्थ त्यातच आहे. निबंधात नोंद आहे की त्या अधिकाराच्या पहिल्या महिन्यात ३८ वेळा लाइन टाकली गेली आणि त्यांपैकी १२ वेळा सिस्टरला मध्ये पडावे लागले. जवळजवळ दर तिसऱ्या वेळी हाताखालच्या व्यक्तीने वरच्या व्यक्तीला सांगितले की हे चुकते आहे. कागदावर खूण करणे सोपे. ते वाक्य उच्चारणे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात नोकरीवर येणे, हे अवघड. रुग्णालयाच्या वरिष्ठांनी सिस्टरच्या पाठीशी उभे राहायचे आधीच ठरवले होते, म्हणून ते शक्य झाले.

दुसरा आक्षेप मिशिगनचा. तिथल्या रुग्णालयांपैकी सुरुवातीला केवळ १९ टक्के ठिकाणी सेंट्रल लाइनच्या संचात क्लोरहेक्झिडीन होते. प्रकल्पाने थेट रुग्णालयांच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहून ते ठेवण्याची विनंती केली. सहा आठवड्यांत हे प्रमाण ६४ टक्क्यांवर गेले. यादीत ‘क्लोरहेक्झिडीन वापरा’ असे कितीही ठळक छापले असते, तरी खरेदी विभागाने ते घेतले नसते तर सिस्टर काय वापरणार होती? शिवाय प्रत्येक आयसीयूत एक डॉक्टर आणि एक सिस्टर असे दोन नेते नेमले होते, संसर्गाचे आकडे ठरावीक काळाने त्याच विभागापुढे ठेवले जात होते, आणि शेजारच्या रुग्णालयाचा दर शून्यावर आला असताना आपला का येत नाही, ही टोचणी सगळ्यांना लागली होती. हे माझे अनुमान नव्हे. ‘लॅन्सेट’मध्ये २००९ मध्ये चार जणांनी लेख लिहून बजावले की मिशिगनचे यश म्हणजे एका साध्या यादीचे यश, असे समजणे घातक आहे. त्या चार जणांत स्वतः प्रोनोव्होस्ट होते. ज्याला यादीचा जनक म्हणून मिरवले जाते, त्यानेच पितृत्वाची ही कहाणी नाकारली, पण कहाणी सांगणाऱ्यांनी ते ऐकले नाही.

तिसरा आक्षेप यादी परगावी गेल्यावर काय झाले याचा. इंग्लंडने एप्रिल २००९ पासून दोन वर्षे ‘मॅचिंग मिशिगन’ हा कार्यक्रम राबवला. प्रौढांच्या आयसीयूंतला दर ३.७ वरून १.४८ वर आला. वरवर पाहता मिशिगनचीच पुनरावृत्ती. पण तिथे रुग्णालयांचे गट टप्प्याटप्प्याने सामील झाले होते, त्यामुळे एक तपासणी करता आली: कार्यक्रम सुरू झालेल्या गटात दर जास्त वेगाने उतरला का? नाही. अजून सुरुवात न झालेल्या गटांतही तो तसाच उतरत होता. कारण उघड होते. इंग्लंडमध्ये एमआरएसए या चिवट जंतूच्या रक्तसंसर्गांची सक्तीची नोंद २००१ पासून होती आणि ते निम्म्यावर आणण्याचे सरकारी लक्ष्य २००४ मध्येच जाहीर झाले होते. उतार आधीच सुरू झालेला होता. पंचांग छापले म्हणून पाऊस पडला, असे म्हणण्यातला हा प्रकार.

यादीच्या दुसऱ्या, अधिक प्रसिद्ध भावंडाचेही हेच झाले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या सुरक्षा-यादीने नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने ती जवळपास सगळीकडे सक्तीची केली. २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचा हिशेब आला: ०.७१ वरून ०.६५. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नगण्य. यादी तीच, आणि ती भरल्याचे अहवालही भरघोस. बदलला नाही तो यादीभोवतीचा कारभार.

चौथा आक्षेप मला निर्णायक वाटतो. कोविडच्या साथीत अमेरिकेतल्या सेंट्रल लाइन संसर्गांचे प्रमाण उसळले; २०२० च्या शेवटच्या तिमाहीत ते आदल्या वर्षाच्या त्याच काळापेक्षा ४७ टक्क्यांनी वर गेले होते. त्या वर्षी कुठल्या रुग्णालयाने यादी फाडून टाकली होती? यादी भिंतीवर होतीच. कमी पडले ते अनुभवी हात, वेळ आणि लक्ष. सलाइनचे पंप खोलीबाहेर आले, एका सिस्टरवर जास्त रुग्ण आले, बदलीवर आलेल्यांना विभागाची घडी माहीत नव्हती. कारण तसेच ठेवून कार्य नाहीसे झाले, तर ते कारण खरे नव्हते, हे तर्कशास्त्राचे पहिलेच सूत्र आहे.

आता वैमानिकांचे उपमान. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतल्या डेटनजवळ बोइंगचे चाचणीचे बॉम्बर विमान कोसळले, त्यातून वैमानिकांची चेकलिस्ट जन्मली, हे सगळे सांगतात. पण त्यापुढचा अध्याय सांगत नाहीत. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे मेली. यादी तेव्हाही कॉकपिटमध्ये होती. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे, अशी शंका उड्डाण घेणाऱ्या केएलएमच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलूनही दाखवली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती उडवून लावली. त्यानंतर हवाई क्षेत्राने नव्या याद्यांपेक्षा वेगळी गोष्ट शोधली: कनिष्ठाने बोलावे कसे आणि कप्तानाने ऐकावे कसे, याचे प्रशिक्षण. शिवाय विमान पडले तर वैमानिकही मरतो. सेंट्रल लाइन चुकली तर मरतो तो फक्त रुग्ण. म्हणून उपमान पुरते घ्यायचे तर ते यादीवर थांबत नाही, अधिकाराच्या प्रश्नावर येऊन ठेपते.

यावर पूर्वपक्षाची तीन प्रत्युत्तरे संभवतात. पहिले: गावंडे यांनीही एकट्या यादीचा दावा केला नव्हता, संघभावनेविषयी आणि सिस्टरच्या अधिकाराविषयी त्यांनी लिहिलेच आहे. हे मान्य. माझा आक्षेप त्यांच्या मजकुरापेक्षा त्याच्या प्रचलित सारांशावर आहे, जो भिंतीवर चिकटवता येतो म्हणून टिकला. दुसरे: स्पेनमध्ये १९२ आयसीयूंच्या ‘बॅक्टेरेमिया झीरो’ मोहिमेत दर ३.०७ वरून १.१२ वर आला, ते कसे? आला, कारण तिथेही यादीबरोबर प्रशिक्षण, नेतृत्वाचा सहभाग आणि आकड्यांची परतफेरी होती. संपूर्ण कार्यक्रम यशस्वी होतो, हेच तर सिद्धांताचे म्हणणे आहे. तिसरे प्रत्युत्तर सगळ्यांत लोभस: सगळे नाही जमले तर निदान यादी तरी? कागदाने नुकसान तर नाही?

नुकसान आहे, आणि ते पाहायला आपल्याकडे यावे लागेल. मुंबईसह सात भारतीय शहरांतल्या आयसीयूंची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली; दर होता ७.९२. दिल्लीच्या ‘एम्स’च्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या देशव्यापी जाळ्याने २०१७ ते २०२४ या काळात ५४ रुग्णालयांतल्या २०० आयसीयूंचे आकडे जमवले, दर निघाला ८.८३. दोन पाहण्यांची रुग्णालये वेगळी, त्यामुळे दर वाढला असे यावरून म्हणता येणार नाही. पण मिशिगनची जी आरंभरेषा होती, तिच्याही मागे आपण आहोत, एवढे निश्चित. आणि या काळात यादी भारतात पोहोचली नव्हती असे नाही. मोठ्या रुग्णालयांत ती फाइलला लावलेली असते, मानांकनाच्या तपासणीत दाखवली जाते, आणि अनेकदा लाइन टाकून झाल्यावर, शिफ्ट संपताना, एकाच पेनाने पाचही खुणा होतात. अशी यादी निरुपद्रवी नसते. ‘आम्ही करतो’ असा लेखी पुरावा तयार करून ती प्रश्न विचारण्याची वाटच बंद करते.

दुसरे असे की मिशिगनच्या यादीत मिशिगनचे आजार होते. आपल्या अनेक वॉर्डांत सलाइन अजूनही अर्धवट कडक प्लास्टिकच्या बाटलीतून दिले जाते. ती आपोआप आक्रसत नाही, म्हणून हवा आत जावी यासाठी वर एक सुई टोचून ठेवतात. त्या सुईतून वॉर्डातली हवाही आत जाते. अर्जेंटिना, ब्राझील, इटली आणि मेक्सिको या चार देशांत अशा उघड्या पद्धतीऐवजी आक्रसणाऱ्या बंद पिशव्या आणल्यावर दर १०.१ वरून ३.३ झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हे अभ्यास आधी-नंतरच्या तुलनेचे आहेत, त्यामुळे त्यांनाही मिशिगनइतकीच सावध दृष्टी लावावी. पण अमेरिकन यादीत या सुईचा उल्लेखही नाही, कारण तिथे बाटलीच नव्हती. तसेच ती यादी मुख्यतः नळी टाकण्याच्या अर्ध्या तासाची आहे. नळी आठ-दहा दिवस राहिली की जंतू बहुधा आत शिरतात ते तिच्या तोंडातून, थ्री-वे तोटीच्या जोडणीतून, दर इंजेक्शनच्या वेळी. तिथे प्रत्येक वेळी अल्कोहोलने घासून पुसायचे, तर ते करणार कोण? भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष आयसीयूत एका रुग्णामागे एक सिस्टर असा आहे. तीन रुग्ण सांभाळणाऱ्या, कंत्राटी नेमणुकीवरच्या सिस्टरला यादी देणे म्हणजे तिच्यावर आणखी एक रकाना लादणे आहे. आणि तिनेच रेसिडेंट डॉक्टरला ‘थांबा, गाऊन घातला नाहीत’ असे म्हणावे, या अपेक्षेला तिच्या नेमणुकीच्या पत्रात कुठेच आधार नसतो.

तिसरी अडचण मोजणीची. ब्लड कल्चर पाठवले तरच संसर्ग सापडतो. ताप येताच आधी अँटिबायोटिक आणि मग जमले तर कल्चर, असा क्रम असेल तर दर आपोआप खाली येतो. शून्य संसर्ग आणि शून्य तपासणी यांतला फरक फाइलमध्ये दिसत नाही. इंग्लंडमधल्या निरीक्षकांनाही असे दिसले की ‘संसर्ग’ कशाला म्हणायचे आणि कल्चर केव्हा पाठवायचे, हे प्रत्येक आयसीयू आपापल्या रीतीने ठरवत होता. जिथे आकड्यावर कौतुक किंवा नाचक्की अवलंबून आहे, तिथे हा मोह जास्त.

आता मंडन. क्रम उलटा करावा लागेल. सर्वांत आधी अधिष्ठाता किंवा वैद्यकीय संचालकाच्या सहीचा आदेश: तातडीचा प्रसंग वगळता नियम मोडलेला दिसला तर सिस्टर लाइन टाकणे थांबवील आणि त्याबद्दल तिला जाब विचारला जाणार नाही. मग सामान एका ट्रॉलीवर, आणि ती रोज भरण्याची जबाबदारी एका नावावर. मग सलाइनच्या बंद पिशव्या. मग फेरीत प्रत्येक नळीमागे एकच प्रश्न, ही आज का हवी. उत्तर नसेल तर नळी दुपारपर्यंत निघाली पाहिजे, कारण नसलेल्या नळीला संसर्ग होत नाही. मग मोजणी, आणि ती आयसीयूच्या बाहेरच्या माणसाकडे, दरासोबत किती कल्चर पाठवली हाही आकडा छापून. हे सगळे खर्चाचे आहे, आणि सिस्टरची संख्या वाढवणे तर सर्वांत खर्चाचे. एका कागदाच्या किमतीत सुधारणा मिळते, हे आश्वासन प्रशासनाला गोड लागते ते याचमुळे. एवढे झाल्यावर यादी करावी, आपापल्या वॉर्डातल्या चुका पाहून. मग तिचा उपयोग खरोखर मोठा आहे.

असा बदल झाला की नाही हे ओळखण्याची कसोटी हॉपकिन्सच्याच निबंधात आहे. पहिल्या महिन्यात ३८ पैकी १२ वेळा सिस्टर मध्ये पडली, आणि तेही जगातल्या नावाजलेल्या रुग्णालयात, निरीक्षण चालू असताना. म्हणून एखाद्या रुग्णालयाने शंभर टक्के भरलेल्या याद्या पुढे केल्या, तर त्या बाजूला ठेवून एवढेच विचारावे की गेल्या महिन्यात सिस्टरनी डॉक्टरांना किती वेळा थांबवले. उत्तर ‘एकदाही नाही’ असे आले, तर दोनच शक्यता उरतात: ते रुग्णालय हॉपकिन्सहून निर्दोष आहे, किंवा तिथे यादी आहे आणि अधिकार नाही.